पाहुणा अजून घरातच आहे

ईरा, नील,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मिळून मला पेचात टाकलंत. आधी नील म्हणाला, "आजी, आमचे गिटारचे सर त्या इंग्रज गिटारवाल्याला देव मानतात, पण मला वाटतं लोकांनी त्याला उगीच डोक्यावर बसवलंय." नाव ऐकलं आणि मी फोन टेबलावर ठेवून उठले. थेट आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. मोहनभाऊजींना सांगायला, की ऐका, आणखी एक मत पडलं, आणि ते माझ्या बाजूने पडलं. दाराची कडी हातात आल्यावर आठवलं. परत येऊन फोन उचलला, तर ईरा विचारत होती, "आजी, मोहनआजोबांच्या शोकसभेत त्यांचीच चाल वाजवायला तू नको म्हणालीस का? बाबा सांगतो, सगळे रागावलेत तुझ्यावर."

दोघांचं उत्तर एकच आहे, म्हणून ते फोनवर देता आलं नाही. एरवी मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे. इतकी वर्षं मसोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलांच्या निबंधांत परिच्छेद कुठे तोडायचा ते लाल शाईने दाखवलं. हा निबंध तसा होणार नाही. शिवाय ह्यातलं बरंचसं बोलणं मी त्यांना देणं लागते, तुम्हाला नव्हे. तेव्हा मी त्यांच्याशीच बोलते. तुम्ही दोघं ओट्यावर बसून ऐका. काही कळलं नाही तर मधे थांबवू नका, शेवटी विचारा.

मोहनभाऊजी,

तुमच्या खोलीचा पंखा मी बंद केलेला नाही. विजेचा अपव्यय मला खपत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तो बंद केला की घर फार शांत होतं, आणि शांत घरात माझं डोकं तुमच्याशी भांडायला लागतं. समोरून उत्तर येत नाही. तुम्ही असताना असं कधी झालं नाही.

हे गेल्यापासून आगर गावातल्या ह्या घरात आपण दोघंच. वहिनी आणि दीर, दोघं म्हातारे, वाडीत चिकूची झाडं आणि संध्याकाळी पुदिना-गवती चहा घातलेला चहा. गावाला वाटायचं आपण देवाधर्माचं बोलत बसतो. शेजारच्या शांताबेन एकदा कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "भाभी, रोज सांजे काय एवढी वादावादी? वाटणी राहिलीय का?" तुम्ही म्हणालात, "वाटणीच चाललीय शांताबेन. एका इंग्रजाची."

त्या इंग्रजाला घरात मी आणलं, हे तुम्ही मला मरेपर्यंत ऐकवलंत. खरं आहे ते. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली वसतिगृहातल्या मैत्रिणीने दिलेली एक कॅसेट होती. तुम्ही तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून बँजो पार्टीत वाजवत होता आणि सासूबाई रोज त्यावरून तुमचा उद्धार करत होत्या. कॅसेट हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "वहिनी, ह्यात कोण आहे?"

"इंग्रज आहे. गिटार वाजवतो."

"मग किती दिवस राहणार आपल्याकडे?"

मी नवी नवरी, मला थट्टा कळायला वेळ लागला. तेव्हापासून तो आपल्या घरात पाहुणा झाला. त्याचं खरं नाव ह्या घरात कोणी घेतलंच नाही. पहिल्यांदा कॅसेट लावली तेव्हा सासूबाई गोठ्यातून ओरडल्या, "मोहन, त्या पावण्याला काय दुखतंय? गप कर त्याला, म्हैस पान्हा सोडीत नाही." पण तुम्ही तिथे नव्हताच. तुम्ही टेपला कान लावून बसला होता. त्यातला एक लांब, संथ तुकडा तुम्ही परत परत मागे नेऊन ऐकलात, इतका की त्या जागी टेप कायमची चिरकायला लागली.

तुम्हाला त्यातली एकच गोष्ट हवी होती. तो तार बोटाने वाकवून सूर वर ओढतो आणि सूर रडल्यासारखा होतो, ती. बँजोला ते जमत नाही. बँजोच्या पट्ट्या टाइपरायटरसारख्या. पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो, त्याच्या वर नाही, खाली नाही. म्हणून तर हळदीला तो इतका टणटणीत वाजतो. तुम्ही दोन महिने त्या पेटीशी झटापट केलीत. शेवटी नखी धरलेल्या हाताच्या काठाने, पट्ट्यांच्या पलीकडे जिथे तारा उघड्या असतात तिथे दाब देऊन, सूर वाकवलात. तळहाताची कड चिरली होती. मी हळद लावत होते आणि तुम्ही म्हणत होता, "वहिनी, पाहुणा बँजोत शिरला!"

तेव्हा मलाही पाहुण्याचं कौतुक होतं. ते लपवत नाही. पुढे शाळेच्या कामासाठी पुस्तकं वाचत गेले, त्यात त्या संगीताची हकीकत हाती लागली. कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांचं ते गाणं. त्यांच्यातले कितीतरी वाजवणारे कंगाल मेले. आणि समुद्रापलीकडच्या एका गोऱ्या मुलाने त्यांच्या तबकड्या ऐकून ऐकून ते उचललं, मोठ्या आवाजात वाजवलं, आणि जगाने त्याला डोक्यावर घेतलं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही चिकूच्या करंड्या भरत होता.

"म्हणजे चोर आहे म्हणता?"

"चोर नाही म्हणत. पण जेवढं नाव आहे तेवढं त्याचं नाही."

तुम्ही एक चिकू उचलून माझ्यापुढे धरलात. "हा कुठला, वहिनी?"

"आपल्या वाडीतला."

"तुम्हीच वर्गात शिकवता ना, चिकू सातासमुद्रापलीकडून आला म्हणून? आता बाजारात विचारा. डहाणूचा चिकू म्हणतात. त्याचं काय करायचं? परत पाठवायचा?"

मला उत्तर सुचायला रात्र गेली. सकाळी तुम्ही दात घासत होता तिथेच येऊन मी सांगितलं. चिकूचं कलम आपण रायणीच्या खुंटावर बांधतो. मुळं रायणीची, पाणी ओढते ती, वादळात झाड धरून ठेवते ती. आणि नाव चिकूचं. रायणीला कोण विचारतं? तुमचा पाहुणा तसा आहे.

तुम्ही चूळ भरलीत. "बरोबर. पण वहिनी, खुंट मेला तर चिकू उभा राहत नाही. पाहुण्याला ते ठाऊक आहे. जिथे जातो तिथे त्या म्हाताऱ्यांची नावं घेतो."

"नाव घ्यायला काय लागतं?"

"ते मला माहीत नाही," असं म्हणून तुम्ही तोंड पुसलंत. आता वाटतं, त्या सकाळी तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. पुढे माहीत झालं.

ईरा, नील, आता शुक्र्याबाबाबद्दल सांगायला हवं. तो तलासरीकडच्या एका पाड्यावरचा वारली. चिकू उतरवायच्या दिवसांत आपल्या माणसांना घेऊन वाडीत यायचा, जाळी लावलेले बांबू घेऊन झाडांवर चढणारी ती माणसं. भात तयार होण्याच्या सुमाराला तो तारपा घेऊन यायचा. दुधी, बांबू आणि ताडाच्या पानाचा तो लांब भोंगा. तो फुंकायला लागला की श्वास कुठे घेतो ते कळत नसे. सूर तुटतच नसे.

भाऊजी, तुम्ही त्याच्या पायाशी बसून त्याची एक चाल बँजोवर बसवलीत. नुसती नव्हे, पाहुण्याचा वाकवलेला सूर तिच्यात घालून. तारप्याचा न तुटणारा श्वास आणि वर ती रडणारी तार. खरं सांगते, पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी भाकरी तव्यावर विसरले. त्यानंतर वरोरपासून उंबरगावपर्यंत तुमच्या त्या चालीशिवाय हळद लागेना. "मोहनभाई वगर लगन केवी रीते थाय?" असं गुजराती व्यापारी म्हणायचे, म्हणजे मोहनभाईशिवाय लग्न होणार कसं. स्वतः बिनलग्नाचे राहून तुम्ही निम्म्या तालुक्याच्या हळदी वाजवल्यात.

मग ते वैशाखातलं लग्न. तलासरीकडचंच, शुक्र्याबाबाच्या शेजारच्या पाड्यात. तुम्ही संध्याकाळी ती चाल काढलीत. पोरं वेडी होऊन नाचायला लागली, आणि म्हातारी माणसं एकेक करून खाली बसली. शुक्र्याबाबा उठून तुमच्या पार्टीच्या टेंपोपाशी आला. तो तुमच्याशी नेहमी बोलायचा तसाच बोलला, बाजारातल्या मराठीत, आवाज न चढवता. तुम्ही घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं होतंत.

"मोहनभाऊ, हे आता वाजवू नको. भात कुठे आहे?"

"बाबा, सगळ्यांना आवडतंय."

"आवडणारच. हे भाताचं आहे. भात पोटरीला आलं, कणीस धरायला लागलं, की काढायचं, मळणी होऊन खळं उठलं की ठेवायचं. आता वाजवलंस तर ते कोणाला बोलावणार?"

आणि तो घरी निघून गेला. तुम्ही त्या दिवशी हसत हसत सांगायला सुरुवात केलीत आणि शेवटाकडे येईपर्यंत हसायचे थांबलात. मी म्हटलं, "अहो, पण ते त्यांच्यासाठी. आपल्याला कुठे बंधन आहे?" तुम्ही म्हणालात, "चाल त्यांचीच आहे ना, वहिनी." एवढंच. पाहुण्याबद्दल ते वाक्य मी तुमच्याकडून काढायला किती वर्षं धडपडत होते. तुम्ही ते स्वतःबद्दल बोललात आणि मला त्याचा उपयोग करता आला नाही.

तेव्हापासून तुम्ही ती चाल उन्हाळ्यातल्या लग्नांत वाजवली नाहीत. तुळशीचं लग्न झालं, खळ्यावर भात असलं, की वाजवायची. फाल्गुनात, चैत्रात, वैशाखात नाही. आणि लग्नाचा खरा हंगाम उन्हाळ्याचा! लोक वाजवा म्हणून टेंपोवर चढायचे. तुम्ही म्हणायचात, "भात नाही." लोकांना वाटायचं, नाव झालं म्हणून माज आलाय. शुक्र्याबाबा गेला, तुम्हाला कोणी विचारणारं राहिलं नाही, तरी तेच.

मग समीरचं लग्न आलं. तुमच्या बाबाचं, मुलांनो. मे महिन्यात, सुट्ट्या बघून. हळदीच्या संध्याकाळी अख्खं आगर अंगणात होतं. तुम्ही सगळं वाजवलंत भाऊजी, ती सोडून सगळं. मी पिवळ्या हातांनी तुमच्यापाशी आले.

"भाऊजी, आता काढा ना."

"वहिनी, भात कुठे आहे?"

"घरच्या पोराचं लग्न आहे. आज तरी."

"घरच्या पोराचं आहे म्हणून तर. लोकांच्या लग्नात नाही म्हणतो आणि घरच्यात वाजवतो, मग ते काय झालं?"

मी तशीच पिवळ्या हातांनी परत फिरले. पण नंतर महिनाभर तुमच्या चहात पुदिना पडला नाही. तुमच्या लक्षात आलं होतं. तुम्ही कपाकडे बघायचात आणि गप पीत राहायचात. समीरच्या लग्नाच्या व्हिडिओत अजून ती जागा आहे: सगळे तुमच्याकडे वळून बघतायत आणि तुम्ही नखी पुसताय.

आता सांगते तुम्ही गेल्यावर काय झालं ते. तुम्हाला सांगायचंच राहिलंय.

नितेश आला. तुमचा नितेश, ज्याला तुम्ही शिकवलंत आणि जो आता पार्टी चालवतो आणि उरलेला वेळ मसोलीत मोबाइल दुरुस्त करतो. डोळे सुजलेले. हातात फ्लेक्सचा नमुना. त्यावर तुमचा तो फोटो, कानाशी हात नेलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत: तारपा-बँजो चालीचे जनक.

"काकी, तेराव्याला सभा ठेवलीय अंगणात. सगळ्या पार्ट्या येणार. आपण काकांची चाल वाजवायची. सगळ्यांनी मिळून. वीस बँजो!"

चैत्र संपत आलेला. बाहेर चिकूची पानं धुळीने पांढरी झालेली. मी म्हटलं, "नितेश, भात नाहीये."

त्याने फ्लेक्सचा नमुना खाली ठेवला. "काकी, ते लग्नाला. हे तर त्यांचंच आहे. स्वतःसाठी नाही वाजवायचं?"

 मी त्याला बसवलं, चहा दिला, आणि म्हटलं, शुक्र्याबाबाच्या घरी विचारूया. मला वाटलं, विचारलं की प्रश्न मिटेल. ते नको म्हणतील, मी नको म्हणेन, नितेशला पटेल. नेहमीप्रमाणे मी उत्तर आधी ठरवलं आणि मग परीक्षा घेतली.

शुक्र्याबाबाचा मुलगा रमण स्वतःच आला, दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर. उंबरगावला कारखान्यात कामाला आहे. कामावरून सुटून तसाच आला होता, निळ्या शर्टात. तुमच्या फोटोला हात जोडले. मग मी नितेशसमोरच विचारलं.

तो हसला. "वाजवा की, काकी. आता कोण बघतंय? आमच्या पाड्यात डीजेवर बारा महिने वाजते. तीच चाल, मोहनकाकांचीच. पोरं त्यावरच नाचतात."

"आणि बाबांचा तारपा?"

"आहे घरात. दुधी तडकलाय त्याचा." मग फोटोकडे बघत म्हणाला, "काका मात्र फार पाळायचे. बाबांनंतर आमच्यापेक्षा तेच जास्त पाळायचे. आम्ही हसायचो."

भाऊजी, मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. ज्यांची चाल त्यांनी परवानगी दिली. नितेश आनंदाने उठून फोन करायला बाहेर गेला. मला अडवायला काही कारणच उरलं नाही. माझ्या पुस्तकी हिशेबाने तर हे उत्तम होतं: मालकाला विचारलं, मालक हो म्हणाला. पाहुण्याने एवढं केलं असतं तर मी वाद केव्हाच सोडला असता. आणि तरी मी ओट्यावरच बसून राहिले.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात आपण इथेच बसलो होतो. तुम्ही मोबाइलवर पाहुण्याचा तोच संथ तुकडा लावला होतात. मी म्हटलं, "किती वर्षं तेच तेच." तुम्ही बोट वर केलंत. "थांबा. आता ऐका." आणि तिथे काहीच ऐकू आलं नाही. तो वाजवायचा थांबलेला. मग बऱ्याच वेळाने तो वाकलेला सूर आला.

"वहिनी, एक तरी कबूल करा."

"काय?"

"की तो थांबतो. वाजवणारे ढिगाने आहेत. त्याला तो सूर कधीचा येतोय, बोटाखाली आहे, पण तो वाजवत नाही. बघा ना."

"दमला असेल."

"गिटार वाजवून दम लागतो होय? तारपा आहे काय?"

मी म्हणणार होते की न वाजवण्याबद्दल एवढं नाव मिळत असेल तर मीही थोर वादक आहे. तेवढ्यात वरोरची म्हावरेवाली फाटकात आली, "वहिनी, बोंबील ताजे हायेत, बघून तर घ्या," आणि तुम्ही म्हणालात, "उद्या बोलू." मी म्हटलं, "बोलायचं काय त्यात, मी मानणार नाही." हे माझं वाक्य शेवटचं पडलं. ते काही वाईट वाक्य नाही. तुम्ही हसला होता. पण मला ते पुरत नाही.

नितेश फोन करून आत आला तेव्हा मी सांगितलं, "वाजवायची नाही."

"पण रमण हो म्हणाला ना!"

"रमण हो म्हणाला. काका नाही म्हणाले असते."

"काका आता..." आणि तो थांबला. मग चिडला. आजवर माझ्याशी असा कधी बोलला नव्हता. "काकी, लोक त्यांना त्या चालीमुळे ओळखतात. ती नाही वाजली तर काय राहिलं? तुम्हीच त्यांचं नाव पुसताय. आधीपासून तुम्हाला त्यांचं कौतुक नव्हतंच. त्या इंग्रजावरून रोज त्यांना टोचायचात, आम्ही ऐकलंय."

रमण मधे पडला, "अरे, जाऊ दे, काकींचं ऐक." पण त्यालाही ते पटलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. रात्री समीरचा फोन आला: "आई, कशाला लोकांना दुखावतेस? पाड्यातल्यांचे नियम त्यांनीच मोडलेत, तू कुठे धरून बसलीस?" तो चूक म्हणत होता असं मला वाटत नाही. अजूनही वाटत नाही.

फक्त एवढं दिसत होतं की ती चाल वाजवली असती तर तुम्ही इतकी वर्षं जे न वाजवता ठेवलंत ते तेराव्या दिवशी संपलं असतं. तुमच्याच नावाने. तुमच्याच अंगणात.

दुसऱ्या दिवशी नितेश पुन्हा आला. घुश्शातच. "मग वाजवायचं काय, काकी? नुसत्या खुर्च्या मांडून बसायचं?"

"पाहुण्याचा तो तुकडा येतो तुला?"

"येतो. काकांनी बसवून घेतलाय." त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. "पण तुम्हाला तो आवडत नाही."

"मला कोण विचारतंय? त्याला ऋतू नाही ना? मग वाजव."

फ्लेक्स तोवर छापून झाला होता. जनक हा शब्द काढ म्हटलं, तर म्हणाला आता छापणारा गावाला गेलाय. "मग काय लिहू त्याच्या जागी? वादक?" मी म्हटलं, वाजवणारे लिही. शेवटी त्याने त्या शब्दावर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर लिहायचं राहूनच गेलं. सभेत तुम्ही 'तारपा-बँजो चालीचे' एवढेच होता, आणि पुढे एक कोरा चौकोन, ज्याचा एक कोपरा खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने सारखा फडफडत होता. तुम्ही पोट धरून हसला असता.

लोक आले. भाषणं झाली. तुमच्याबद्दल बरंच खोटं आणि थोडं खरं बोललं गेलं. शांताबेन रडल्या. मग नितेश एकटाच बसला. वीस नाही, एकच बँजो. तुमचा.

मी पहिल्या रांगेत होते. मी तो तुकडा इतक्या वेळा ऐकलाय की मला वाटलं होतं, मनात दुसऱ्या दिवसाची यादी करत बसेन. पहिली काही मिनिटं तसंच झालं. मग ती जागा आली. नितेशने पट्ट्यांवरचा हात वर घेतला आणि तो थांबला. अंगणात एवढी माणसं, आणि कोणाला कळेना संपलं की काय. कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलला, दुसऱ्याने तो धरला. कागदाचा कोपरा फडफडला. नितेशच्या हाताची कड तारांवर होती, दाब दिलेला नव्हता. मी त्याच्या हाताकडे बघत होते आणि मला तुमचं बोट दिसत होतं, वर केलेलं.

मग सूर आला. चांगला आला. तुमच्याइतका नाही.

पाहुण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, भाऊजी. त्याच्या नावात दुसऱ्यांचा वाटा फार मोठा आहे आणि तो त्यांना मिळालेला नाही. नीलही तसंच म्हणतो, कारणं त्याची वेगळी असतील. पण तो थांबतो. हे मानते. तुम्ही एकच मागितलं होतंत, ते देऊन टाकते.

बाकी जे सांगायचं होतं त्याचा पाहुण्याशी संबंध नव्हता, आणि म्हणून ते आपल्या बोलण्यात कधी आलं नाही. शुक्र्याबाबाचं नाव तुम्ही प्रत्येक टेंपोवरून घेतलंत. त्याला मी 'नाव घ्यायला काय लागतं' म्हणाले असते. पण नावाबरोबर तुम्ही त्याचा ऋतूही घेतलात, आणि त्यापायी लोकांचे टोमणे घेतलेत, घरच्या लग्नातले माझे रागावलेले डोळे सोसलेत, महिनाभर बिनपुदिन्याचा चहा प्यायलात. तुमचा पाहुणा बारा महिने वाजवतो. तुम्ही वाजवलं नाहीत. तो तुमच्या पासंगालाही पुरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही लगेच त्याची बाजू घेतली असतीत, आणि आणखी एक संध्याकाळ मजेत गेली असती.

मी बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. नितेश अजून पूर्वीसारखा बोलत नाही. चहाला येतो, पण दारातच उभा राहून पितो. काल जाताना म्हणाला, "काकी, मग भादव्यात तरी?" मी म्हटलं, "पाऊस कसा पडतो बघू. पोटरीला आलं की." रमणला फोन केला, की तारप्याचा तडकलेला दुधी बदलणारं कोणी तुमच्याकडे आहे का. तो म्हणाला, विचारतो. विचारेल की नाही, सांगता येत नाही.

ईरा, नील, तुमच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली असतील तर मिळाली. कॅसेट मी नीलसाठी ठेवलीय. मधली जागा चिरकते. बँजो मोहनआजोबांच्या खोलीत, खोळीत आहे. चाल नितेशला पूर्ण येते, रमणच्या पाड्यातही सगळ्यांना येते. भात अजून पेरलेलं नाही.